दारावरचे एक्क्याण्णवावे स्तोत्र

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या धास्तीने ईस्टरची उपासना सलग दुसऱ्या वर्षी घरातच मोबाइलसमोर बसून झाली, त्याच संध्याकाळी आईने आमच्या नगरच्या घराच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवला. बायबलच्या स्तोत्रसंहितेतले ९१ वे स्तोत्र होते ते. धाकट्या मामाने ते तिच्या मोबाइलवर पाठवले होते आणि मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून ते छापून आणले होते. मामा निवृत्त मुख्याध्यापक, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलजनांपैकी एक, आणि मार्च २०२० पासून रोज सकाळी सहाच्या ठोक्याला सगळ्या नातलगांना एक वचन पाठवण्याचा त्याचा नेम होता. त्यांतही हे स्तोत्र वारंवार यायचे आणि ते साहजिकच होते, कारण त्यात मरीचा उल्लेख सरळ नावानेच आहे. काळोखात फिरणारी मरी, रात्रीचे भय, दिवसा सुटणारा बाण, आणि तुझ्या बाजूला हजार पडले, उजव्या हाताला दहा हजार पडले तरी ते तुझ्यापर्यंत येणार नाही, असे आश्वासन. घराबाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत असताना ज्याला हे शब्द घट्ट धरून ठेवावेसे वाटणार नाहीत, असा ख्रिस्ती माणूस त्या दिवसांत निदान माझ्या तरी पाहण्यात नव्हता.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी मामाला ताप आला. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९१ हा आकडा आला तेव्हा तो फोनवर हसून म्हणाला, "बघ, स्तोत्राचाच नंबर आलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी ८८ झाले आणि हसणे संपले. पलंग मिळवण्यासाठी आम्ही दीड दिवस फोन करत होतो, आणि त्या दीड दिवसाविषयी अधिक लिहिण्याची माझी इच्छा नाही, कारण तो अनुभव त्या महिन्यात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी घेतला आहे. पलंग अखेर मिळाला. सहाव्या दिवशी पहाटे मामा प्रभूवासी झाला. त्याचे दोन्ही मुलगे बाधित होते आणि विलगीकरणात होते, मामीला घरात ऑक्सिजन लावलेला होता.

सकाळी साडेसातला आमच्या मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांचा फोन आला. त्यांनी सांत्वनाची दोन वाक्ये बोलून झाल्यावर जे सांगितले ते मी आजही शब्दशः सांगू शकतो: "पेटी खाली सोडायला दोन दोर आणि चार माणसं लागतात. तीन मिळालीत." पुढे ते काहीच बोलले नाहीत. मी म्हणालो, विचार करून दहा मिनिटांत कळवतो.

त्या दहा मिनिटांत मी प्रार्थना केली, पण ती कोणत्या प्रकारची होती हे कबूल केले पाहिजे. मी देवाकडे मार्गदर्शन मागत होतो असे तोंडाने म्हणत होतो आणि मनातून सबब मागत होतो. मी थर्मामीटर काढला आणि तीनदा ताप मोजला. तिन्ही वेळा पारा ९७ च्या आसपासच राहिला, आणि अंगात थोडी तरी कणकण असती तर सुटलो असतो, या विचाराने मला त्या निरोगी आकड्याचा चक्क राग आला. घरात सत्तरी ओलांडलेली आई आहे, मला मधुमेह आहे, लस अजून एकच झाली आहे, ही सगळी कारणे खरी होती. पण पाळकसाहेबांना साठीतच दोन वर्षांपूर्वी हृदयाचा त्रास होऊन गेला होता आणि तेही जाणार होते. शेवटी मी गेलो तो धैर्य आले म्हणून गेलो नाही. तीन माणसांनी दोन दोर धरता येत नाहीत, एवढा एकच हिशेब डोक्यात राहिला आणि पाय निघाले.

दफनभूमीत जेसीबीने खड्डा खणून ठेवलेला होता, नेहमीपेक्षा खोल. आम्हा चौघांना महापालिकेच्या माणसाने पांढरे पीपीई किट घालायला मदत केली, वर हातमोज्यांचे दोन थर. उन्हाने पाच मिनिटांत चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल आतून धुरकट झाली आणि मला समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना, फक्त त्याच्या हातातला दोर दिसत होता. पाळकसाहेब मुखपट्टीच्या आतून वाचत होते, पण त्यातले "माती मातीला" एवढेच मला ऐकू आले. आईला मी घरून निघताना शब्द दिला होता की फोनवर व्हिडिओ लावून तिला भावाचे दफन दाखवीन. फोन किटच्या आत होता, तो बाहेर काढला तरी दोन थरांच्या हातमोज्यांच्या बोटाला पडदा दाद देईना, आणि हातमोजा काढण्याची मुभा नव्हती. फोन दोनदा वाजून थांबला. माझ्या आईने तिच्या धाकट्या भावाची माती पाहिली नाही, याची खंत मला आजही आहे, आणि तिला कारण मोबाइलचा पडदा आहे हे सांगताना मला दरवेळी हास्यास्पद वाटते.

निदान त्याला माती तरी मिळाली, असे नंतर अनेकांनी मला समजावले. ते खरे आहे. मार्च २०२० च्या अखेरीस मुंबई महापालिकेने कोविडने दगावलेल्या सर्वांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले होते आणि त्याच दिवशी त्यात बदल करून मोठ्या जागेच्या दफनभूमीत दफनाला परवानगी दिली होती. त्या काही तासांत आमच्या नात्यातल्या मुंबईकर वृद्धांनी किती फोन केले असतील याची कल्पना इतर वाचकांना येणार नाही. पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्या माणसाला देह राखेतून उठतो की मातीतून, याने धर्मशास्त्राच्या दृष्टीने काही फरक पडत नाही, हे आम्हाला संडेस्कूलपासून ठाऊक आहे. तरीही भीतीच्या दिवसांत माणूस अशाच गोष्टींना चिकटतो.

त्या रात्री मी वरच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतले होते आणि आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून माझ्याशी बोलत होती. तिने विचारले, "वचन खोटं ठरलं का रे?"

मी मंडळीत अधूनमधून उपदेश करतो, पवित्र शास्त्राचे वर्ग घेतो, आणि अशा प्रश्नांची तयार उत्तरे माझ्याकडे होती. देवाचे मार्ग अगम्य आहेत, मामा अधिक चांगल्या ठिकाणी गेला, त्याचा विश्वास मात्र ढळला नाही. ही उत्तरे चुकीची नाहीत, पण जिन्याच्या वरच्या टोकाला उभे राहून खाली बसलेल्या आईला ती सांगण्याची माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, "माहीत नाही." पुढचे चौदा दिवस मी त्या खोलीत होतो आणि या एका प्रश्नाव्यतिरिक्त मला दुसरे काम नव्हते.

पहिली गोष्ट जी माझ्या ध्यानात आली ती खरे तर मला आधीच माहीत असायला हवी होती. ९१ व्या स्तोत्रातले वचन नव्या करारात ठळकपणे उद्धृत होते ते मत्तयाच्या चौथ्या अध्यायात आणि लूकच्याही चौथ्या अध्यायात, आणि दोन्ही ठिकाणी ते उद्धृत करणारा सैतान आहे. तो प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, कारण देव तुझ्याविषयी आपल्या दूतांना आज्ञा देईल आणि ते तुला हातांवर झेलतील असे लिहिलेच आहे. तो खोटे वचन सांगत नाही, अगदी बरोबर वचन सांगतो. येशू त्याला उत्तर देतो ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातले: तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नको. आता या प्रसंगाकडे मी आयुष्यभर मोहाची गोष्ट म्हणून पाहत आलो होतो. त्या खोलीत पहिल्यांदा मला दिसले की येशूने त्या दिवशी जे नाकारले ते नेमके आम्ही दाराला चिकटवले होते. त्याने स्तोत्र नाकारले नाही. स्तोत्राचा विमा करून घेण्याचे त्याने नाकारले. आणि पुढे क्रूसावर जेव्हा खरोखर कोणी झेलायला हवे होते, तेव्हाही दूत आले नाहीत.

याचा अर्थ आईने कागद लावला ते चुकले, असे मी म्हणत नाही. भिंतीवर वचन लावणे ही आमची जुनी रीत आहे, नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही ख्रिस्ती घरात गेलात तर कॅलेंडरवर, कपाटावर, देवडीवर वचने दिसतील. चूक माझ्यासारख्या वाचणाऱ्यांची होती, ज्यांनी त्या स्तोत्राचा उतारा मोबाइलवर पुढे पाठवताना त्याखाली "हे दहा जणांना पाठवा" असे लिहिलेलेही खपवून घेतले.

याच सुमारास, म्हणजे पहिल्या लाटेपासूनच, पाश्चात्त्य देशांतल्या मंडळ्यांमध्ये मार्टिन लूथरचे एक जुने पत्र हातोहात फिरत होते. १५२७ च्या ऑगस्टमध्ये विटेनबर्ग गावात प्लेग शिरला, विद्यापीठ येना येथे हलवले गेले, आणि लूथर मात्र गावातच राहिला. पत्नी गरोदर, लहान मुलगा आजारी, घर रुग्णांनी भरलेले, आणि अशा स्थितीत त्याने प्राणघातक साथीतून पळून जावे की नाही या प्रश्नावर सविस्तर उत्तर लिहिले. लूथरबद्दल माझ्या मनात फार प्रेम नाही, विशेषतः उतारवयात त्याने ज्यूंविषयी जे लिहिले त्यामुळे, परंतु हे पत्र मात्र विलक्षण समंजस आहे. ज्याच्यावर इतरांची जबाबदारी आहे, म्हणजे पाळक, अधिकारी, घरातल्या आजाऱ्याजवळचा माणूस, त्याने दुसरी सोय झाल्याशिवाय जाऊ नये. ज्याच्यावर ती नाही तो गेला तर त्यात पाप नाही. औषध घ्यावे, घराला धुरी द्यावी, जिथे आपली गरज नाही तिथे जाऊ नये, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला लागण व्हायची नाही. आणि देव राखील म्हणून औषध टाळणाऱ्याला तो विश्वासू म्हणत नाही, देवाची परीक्षा पाहणारा म्हणतो. मंदिराच्या शिरोभागावरचेच उत्तर ते. मला त्यातली मर्यादेची भाषा आवडली. भीतीमध्ये सगळ्यात आधी हरवते ते मोजमाप: एक तर सगळे आपल्यालाच करायचे आहे असे वाटते किंवा काहीच आपल्याकडे नाही असे.

पण लूथर लांबचा. मला खरा आधार मिळाला तो आमच्याच मातीतल्या एका बाईकडून, आणि तोही अपेक्षा नसताना, कारण खोलीत असलेल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात पंडिता रमाबाईंविषयीचे लेखन होते आणि दुसरे काही वाचण्यासारखे नव्हते.

रमाबाईंचे चरित्र आपल्याकडे शाळेत शिकवतात ते समाजसुधारक म्हणून: शारदा सदन, विधवांचे शिक्षण, संस्कृतचे पांडित्य. मंडळीत सांगतात ते साक्ष म्हणून: बाप्तिस्मा, मुक्तिसदन, बायबलचे भाषांतर. या दोन्ही सांगण्यांत एक गोष्ट घाईने उरकली जाते ती ही की ही बाई दुष्काळातून आली होती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात तिचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. उरलेली दोघे भावंडे, ती आणि श्रीनिवास, वर्षानुवर्षे पायी हिंडत राहिली. तिने पुढे आपल्या साक्षीत लिहिले आहे की पंजाबात कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नसल्याने त्या दोघांनी नदीकाठच्या वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. हे वाक्य मी पूर्वीही वाचले होते. या वेळी ते वाचताना मला चार दिवसांपूर्वीचा जेसीबीने खणलेला खड्डा आठवला आणि पुस्तक खाली ठेवावे लागले. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, आणि तेव्हा तिचे वय अजून चोविसाचेही झाले नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला.

आता १८९६ चे साल पाहावे. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा पुण्यात होत्या, शारदा सदन चालवत होत्या, आणि त्यावरूनच्या धर्मांतराच्या वादात पुण्याच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर पुरेसे तोंडसुख घेतलेले होते. हातात पैसा बेताचा होता. घरी बसण्यासाठी त्यांच्यापाशी माझ्या थर्मामीटरपेक्षा कितीतरी मजबूत कारणे होती. शिवाय त्यांना दुष्काळ ऐकून माहीत नव्हता, तो त्यांच्या अंगात होता, भुकेने माणसाचे काय होते हे त्यांनी आपल्या आईबापांच्या देहावर पाहिले होते. मला वाटते, असा माणूस इतरांपेक्षा कमी नव्हे, अधिक घाबरत असणार. तरी त्या गेल्या, आणि जाऊन आल्यावर लिहिलेल्या हकिकतीत त्यांनी आपल्या स्वतःच्या दुष्काळाची आठवण सांगितली, कारण त्या आठवणीनेच त्यांना बसू दिले नाही. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्या घेऊन आल्या. ज्या खड्ड्यातून आपण वर आलो त्याच्या काठावर परत जाऊन हात खाली घालायचा, हे मला त्या चौदा दिवसांत धैर्याच्या दुसऱ्या कोणत्याही व्याख्येपेक्षा जास्त पटले.

आणि त्यांना घेऊन आल्या तेव्हा पुण्यात काय वाट पाहत होते? प्लेग. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात साथ पसरली, नव्याने आलेल्या मुलींना शहरात ठेवणे शक्य राहिले नाही, आणि म्हणून त्यांना पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावच्या शेतावर नेण्यात आले, जिथे राहण्याजोगे असे जवळपास काहीच नव्हते. आज ज्याला आपण मुक्ती मिशन म्हणतो ते अशा अडचणीतून उभे राहिले. मुक्तिसदनाचे समर्पण सप्टेंबर १८९८ मध्ये झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आलेल्यांना धरून तिथली संख्या २००० च्या आसपास पोहोचली. दृष्टान्त पाहिला आणि केडगाव दिसले, असे झालेले नाही. प्लेगने पुण्याचे दार बंद केले म्हणून केडगाव झाले. मार्गदर्शन म्हणजे पुढचा रस्ता आधीच उजळलेला दिसणे, अशी माझी जी समजूत होती ती इथे मोडली.

आणखी एक गोष्ट, जी ख्रिस्ती उपदेशांत क्वचितच ऐकू येते. १८९७ मध्येच पुण्यातल्या सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांना कशी वागणूक मिळते याबद्दल, आपल्या सदनातल्या मुलींच्या अनुभवावरून, रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात जाहीर पत्र लिहिले. गोऱ्या सरकारच्या धर्माची समजली जाणारी बाई, जिला मिशनऱ्यांची मदत हवी होती, जिच्याविरुद्ध स्वकीय होते, तिने सरकारचीही नाराजी ओढवून घेतली. आमच्याकडे विश्वास म्हणजे मुकाट्याने सोसणे असा एक अर्थ रूढ झाला आहे, तो मला तेव्हापासून खटकतो. मामाच्या पलंगासाठी फोन करताना मला ज्या शब्दांत टोलवले गेले त्याबद्दल मी एकही तक्रार केली नाही आणि त्यालाच मी सहनशीलता समजत होतो. ती भीतीच होती, फक्त तिला उपासनेचे कपडे घातलेले होते.

चौदा दिवसांनी मी खाली उतरलो. लागण झाली नव्हती. तीन दिवसांनी पाळकसाहेबांचा पुन्हा फोन आला, या वेळी मृत व्यक्ती माझ्या ओळखीची नव्हती, शेजारच्या तालुक्यातली एक वृद्ध बाई होती जिचा मुलगा परदेशात अडकला होता. मी थर्मामीटर काढला नाही, पण हात त्या खणाकडे गेला होता हे खरे आहे. त्या उन्हाळ्यात एकूण पाच वेळा मी दोर धरला. वाचकाला वाटेल की पाचव्या वेळेपर्यंत भीती गेली असेल. ती गेली नाही. पाचव्या वेळी मला फक्त किट लवकर घालता येऊ लागले होते, ढालीला आतून साबणाचा बारीक हात फिरवला की ती धुरकटत नाही हे कळले होते, आणि फोन निघण्याआधीच छातीवर चिकटपट्टीने लावून, व्हिडिओ सुरू करूनच किटच्या बाहेर ठेवायचा ही युक्ती साधली होती. त्या वृद्ध बाईच्या मुलाने कुठल्याशा परदेशी शहरातल्या पहाटे आपल्या आईची माती पाहिली. माझ्या आईला जे दाखवता आले नाही ते त्याला दाखवता आले.

आमच्या गटात एक मुसलमान तरुण होता जो सगळ्या धर्मांच्या मयतांना मदत करायचा, आणि किट उतरवताना तो एकदा मला म्हणाला की भीती वाटते म्हणूनच तो प्रत्येक वेळी नीट हात धुतो. नगरच्या साल्व्हेशन आर्मीच्या बूथ रुग्णालयातल्या परिचारिकांनी पहिल्या लाटेपासून जे काम केले ते आमच्या गावाला ठाऊक आहे, त्यांच्यातल्या एकीला मी विचारले की तुम्ही काय प्रार्थना करता. ती म्हणाली, "पाळी बदलताना एकच. आज कुणाचं सलाइन चुकू नये." विश्वासाविषयी मी ऐकलेल्या कित्येक प्रवचनांपेक्षा या दोघांचे बोलणे मला जास्त उपयोगी पडले.

प्रभू येशू स्वतः घाबरला होता का, हा प्रश्न संडेस्कूलच्या मुलांनी मला त्या वर्षाच्या अखेरीस विचारला. मी त्यांना मार्काच्या चौदाव्या अध्यायात नेले. गेथशेमाने बागेत तो अत्यंत अस्वस्थ आणि कष्टी होऊ लागला, तीन शिष्यांना म्हणाला की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, तुम्ही इथे राहा आणि जागे राहा. जमिनीवर पडून त्याने प्रार्थना केली की शक्य असेल तर ही घटका टळावी. हे आम्ही दर उपवासकाळात वाचतो आणि दरवेळी पुढच्या वाक्याकडे धावतो, माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, जणू आधीचे वाक्य फक्त प्रस्तावना आहे. मुलांपैकी एकाने विचारले, "मग त्याला थर्मामीटर हवा होता का?" मी त्या मुलांना माझी गोष्ट सांगितलेली होती, हे विसरलो होतो. वर्ग हसला, मीही हसलो, आणि मग त्याला म्हणालो की हो, तसेच काहीसे, एक प्याला होता आणि तो दूर व्हावा असे त्याला वाटत होते. त्या रात्री शिष्य झोपले, एवढेच त्यात आपल्यासारखे जास्त आहे.

भीतीच्या काळात ख्रिस्ती विश्वासाने मला काय दिले, असे कुणी विचारले तर मी एवढेच सांगू शकतो की त्याने घाबरलेल्या माणसाला लाज वाटू दिली नाही आणि घाबरलेल्या माणसालाही काम नेमून दिले. संरक्षणाची हमी त्याने मला दिली नाही. ज्यांना ती मिळाल्यासारखी वाटते त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण मामाच्या घरात बसून तसे म्हणण्याचे धाडस त्यांनीही करू नये असे मला वाटते.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी दिले नाही. ते तिने स्वतः शोधले.

२०२२ च्या नाताळाआधी घराला रंग द्यायचा होता. रंगाऱ्याने दारावरचा कागद काढू का म्हणून विचारले तेव्हा मी पहिल्यांदा तो नीट वाचला. त्याच्या खाली आईने शाळेच्या वहीतल्या रेघी कागदाची एक पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर निळ्या शाईने, थरथरत्या पण गोल अक्षरात, तीन ओळी लिहिल्या होत्या. आधी मला ते कळेना. मग बायबल काढून ताडून पाहिले. झेरॉक्सवाल्याने एका पानात बसावे म्हणून छापलेले स्तोत्र तेराव्या वचनावरच तुटले होते, सिंह आणि साप पायाखाली तुडवशील इथे, आणि शेवटची तीन वचने कागदावर आलीच नव्हती. दीड वर्ष मी ते अर्धवट छापलेले स्तोत्र पूर्ण समजत होतो, आणि मामाने पाठवलेले मात्र पूर्ण होते. पंधराव्या वचनात देव स्वतः बोलतो, आणि त्यात संकट येणार नाही असे म्हणत नाही. संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन, असे म्हणतो.

मी आईला विचारले, हे कधी लिहिलेस. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तू वर कोंडून घेतलं होतंस तेव्हा. जिन्यात बसून कंटाळा यायचा."

रंगाऱ्याला मी सांगितले, दार राहू दे.